शीत

रात्रीचे अकरा. रियेका बंदरातल्या क्रेन थांबल्यात.
बुरा सुटलाय –
इथल्या वाऱ्याचं ते नावच आहे, शिवी नव्हे.
ल्येर्का फ्रीजरचं दार उघडते, उणे ऐंशी,
आणि वाफेतून एक कुपी उचलते,
मासळीबाजारात बांगडा निवडावा तशी.

भिंगाखाली घरं आहेत. पेशी म्हणा.
घराघराचा एकच जुना रिवाज:
आत जे शिजतं त्यातलं एक शीत
वाटीत घालून उंबऱ्याबाहेर मांडायचं.
गस्तवाला येतो, चिमटीत धरून पाहतो.
ओळखीचं निघालं तर पुढे जातो,
परकं निघालं तर
अख्खं घर पाडतो, घरमालकासकट.
एवढ्यावर आपण सगळे जगतो.

विषाणू शिरतो तेव्हा दार मोडत नाही.
चुलीशी बसतो, आपलंच भांडं चढवतो,
आणि उंबऱ्याकडे निघालेली वाटी
मागून धरून परत आत ओढतो,
घराच्याच कचरेवाल्याच्या हवाली करतो.
नवी वाटी. तीही.
नवी. तीही.
उंबरा रिकामा.

इथे ल्येर्काला नेहमी वडील आठवतात.

चव्वेचाळीसचा हिवाळा. तळघरात, कोळशामागे,
एक माणूस. त्याचं नाव त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही.
वडील तेव्हा बारा वर्षांचे.
घरात सगळे कुजबुजत बोलायचे,
खिडक्या लावलेल्या, चूल अर्धीच पेटवलेली.
चौथ्या दिवशी समोरची शिंपीणबाई भर रस्त्यात म्हणाली,
कुणी गेलं का हो तुमच्यात? फार शांत आहे घर.

त्या दिवसापासून
दोरीवर रोज कपडे, मळले नसले तरी भिजवून.
टेबलावरचं कापड खिडकीतून झटकायचं,
पावाचा चुरा नसला तरी.
आणि बारा वर्षांच्या मुलाने जिन्यात उभं राहून
बहिणीशी मुद्दाम भांडायचं.
सैनिक आले. दोरीकडे पाहिलं. पुढे गेले.

रक्तातही असा दुसरा गस्तवाला असतो.
तो शीत तपासत बसत नाही,
रिकामा उंबरा शोधतो.
ज्या घराने काहीच मांडलं नाही
नेमका त्याच्यावर घाव घालतो.
आणि विषाणूला – कुणी शिकवलं कोण जाणे –
हेही ठाऊक असतं.
तो एक खोटी वाटी घडवतो, जवळजवळ तशीच,
आणि उंबऱ्यावर ठेवून देतो.
दोरीवर भिजवलेले कपडे.

ल्येर्का मोजते. एकशे बारा घरं,
सगळी बाहेरून नांदती.
वहीत आकडा लिहिते, पेन तिथेच टेकून राहतं.
लपणाऱ्याची बाजू तिच्यात वडिलांकडून आलीय.
त्या माणसासाठी ती आजही
तळघराचं दार ओढून घेईल.

पण नेव्हियाला तिसऱ्या महिन्यात
दोन दिवस अंग मोडून आलं होतं.
थकवा असेल गं, असं म्हणाली
ती हीच ल्येर्का,
बावीस वर्षं याच टेबलाशी बसलेली.

इस्क्रा आता सहा वर्षांची.
डावा कान नुसता दिसायला.
माझ्या उजवीकडून चाला, असं
पाहुण्यांना, दुकानदाराला, कुत्र्यालाही बजावते.

कोळशामागचा माणूस वसंतात निघून गेला.
हा जात नाही.
हाडांच्या पोकळीत बसून राहतो,
काही न शिजवता.

पहाटे घरी. इस्क्रा झोपलीय
उजवा कान उशीत दाबून,
म्हणजे जगाकडे डावा.
बुरा खिडक्या खडखडवतोय,
तिच्यापर्यंत त्यातलं काही पोचत नाही.

ल्येर्का बाल्कनीत येते,
दोरीवरचे कपडे काढायला हात वर करते,
आणि ते अजून ओले आहेत
की नुसते गार,
तिला कळत नाही.